जुना पार्ट परत द्यावा

केजमधल्या कोणत्याही गॅरेजात एक रीत आहे. गाडीत नवा भाग बसवला की मिस्त्री काढलेला जुना भाग चिंधीने पुसून मालकाच्या हातात देतो. मालक तो उलटसुलट करून पाहतो आणि मगच गाडीत बसतो. या रीतीमागे जिव्हाळा नाही, संशय आहे. भाग खरोखर बदलला याचा मालकाजवळ तेवढाच पुरावा असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षे मी मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवला, आणि ही रीत मुलांकडून सक्तीने पाळून घेतली.

म्हणून मे महिन्यातल्या त्या सोमवारी ‘देवयान’ पिकअपच्या शोरूमसमोर मोफत तपासणी शिबिराचा मांडव उभा राहिला आणि दुपारपर्यंत एकाही मालकाच्या हातात जुना भाग दिसला नाही, तेव्हा मी खिशातून वही काढली.

नोंद अशी केली : दुपारी एकपर्यंत नऊ गाड्या. प्रत्येक गाडीची फक्त पुढची दोन चाके काढली. प्रत्येकीला साधारण चाळीस मिनिटे. काढलेले भाग एका गोणीत, गोणी आतल्या स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप. मालकाला दिलेल्या कार्डावर मजकूर ‘ग्रीसिंग व सर्वसाधारण तपासणी’.

ग्रीसिंगसाठी चाक काढावे लागत नाही.

मी तिथे सहज गेलो नव्हतो. आमच्या घरामागे गहिनीनाथ राहतो, वय तेहतीस, भाड्याने पिकअप चालवतो. अकरा एप्रिलला दुपारी दोन वाजता, सोयाबीनची पोती घेऊन बीडकडे जाताना, नेकनूरच्या अलीकडच्या वळणावर त्याची गाडी सरळ खाली गेली. शेजारी त्याचा मेहुणा रामहरी बसला होता. ऊसतोडीचा हंगाम संपवून रामहरी गावी परतला त्याला जेमतेम बारा दिवस झाले होते. तो जागीच गेला. गहिनीनाथचे गळपट्टीचे हाड मोडले आणि त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. कागदावर कारण एका ओळीत होते : चालकास डुलकी लागली.

गुन्ह्यापेक्षा वाईट गोष्ट घरात घडली. रामहरीची बायको संगीता ही गहिनीनाथची सख्खी बहीण. तेराव्याला तिने भावाला दारातूनच परत पाठवले.

“सर, ती म्हणली, तुला झोप प्यारी होती, मला माझा माणूस,” गहिनीनाथ माझ्या ओट्यावर बसून सांगत होता. हात झोळीत बांधलेला. “त्याच्यावर काय बोलणार मी?”

“नेमके काय झाले ते क्रमाने सांग.”

“वळण आलं. स्टेरिंग एकदम हलकं झालं. मी फिरवलं, पर चाक वळलंच न्हाई.”

“हे पोलिसांना सांगितलेस?”

“सांगितलं की. ते म्हणले, झोपेत सगळ्यांचंच स्टेरिंग हलकं होतं.” तो हसायला गेला आणि खांदा दुखल्याने थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, “आन आता मलाच कळंना, सर. तीन वाजता उठून आष्टीच्या बाजाराला गेलतो त्या दिवशी. खरंच डोळा लागला असंल का हो माझा?”

जे तपासले नाही त्याविषयी बोलू नये, अशी माझी सवय आहे.

विम्याच्या पाहणीसाठी ती गाडी शोरूमच्या आवारात आणून कडुलिंबाखाली उभी केली होती. दुसऱ्या दिवशी मी ती पाहिली. स्टेअरिंग फिरवल्यावर ज्या दांड्यामुळे चाक वळते त्याला टाय रॉड म्हणतात. त्याच्या टोकाशी गोळ्याचा एक सांधा असतो. गोळ्याला मान असते आणि ती मान चाकाकडच्या आर्मच्या निमुळत्या भोकात ठोकून, नट आवळून, वर पिन घालून बसवलेली असते. डाव्या चाकाचा हा सांधा जागेवर नव्हता. सांधा मोडला तर दांड्याकडची बाजू रस्त्यात कुठेही पडू शकते. परंतु निमुळत्या भोकातला मानेचा तुकडा आपोआप पडत नाही. तो पुलर म्हणजे जबड्यात धरून ओढणारे अवजार लावून काढावा लागतो. भोक स्वच्छ होते. नट नव्हता, पिन नव्हती, आर्मवर पुलरच्या जबड्याचे दोन ताजे ओरखडे होते.

गाडी आवारात आल्यानंतर कोणीतरी तो तुकडा नेला होता. आणि आता, महिन्याभरात, त्याच आवारात गावातल्या सगळ्या देवयान गाड्यांचे तेच सांधे बदलले जात होते, कार्डावर ग्रीसिंग लिहून.

शिबिराचा प्रमुख मिस्त्री परमेश्वर, माझा विद्यार्थी. वर्गात मी मुलांसमोर मोडलेले शाफ्ट आणि बोल्ट ठेवून एकच प्रश्न विचारत असे : हा आज तुटला, की आधीपासून तुटत होता? पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी बरोबर उत्तर देणारा मुलगा तो एकटा.

“नमस्ते, सर. ऊन लई हाय, आत बसा. चहा सांगतो.”

“चहा नको. टाय रॉडचे सांधे बदलताय ना?”

“ग्रीसिंग हाय, सर. कार्डावर लिवलंय.”

“ग्रीसिंगला पुलर लागतो?”

त्याने हातातल्या पुलरकडे पाहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. “सर, तुमी रिटायर झालात. आता जरा आराम करा की.”

“जुने भाग मालकांना का देत नाहीस?”

“वॉरंटीचा माल. कंपनीला वापस जातो.”

हे कारण खोटे नाही. वॉरंटीतले भाग परत जातात. पण मग बदललेल्या भागाचे नाव कार्डावर येते आणि मालकाची सही घेतली जाते. मी शेवटचा प्रश्न विचारला.

“गहिनीनाथच्या गाडीचा डावा सांधा कोणी काढला?”

परमेश्वर बराच वेळ हात पुसत राहिला. “कोणती गाडी, सर?”

गाडी त्याच्या पाठीमागे चाळीस पावलांवर उभी होती.

त्या दिवसापासून परमेश्वर माझ्या वहीत संशयितांच्या पानावर गेला. हे लिहिताना मला बरे वाटले नाही.

वाहनातल्या दोषाची तक्रार केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करता येते. ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या की चौकशी होते, आणि दोष ठरला तर कंपनीला सर्व गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्याव्या लागतात. मात्र तक्रार नोंदलेल्या मालकानेच करावी लागते आणि पडताळणीचा संदेश त्याच्याच मोबाइलवर येतो. इथेच आमच्या गावाची दुसरी रीत आडवी आली. आमच्याकडे गाडी बाँडवर विकली जाते. शंभराच्या स्टॅम्पवर दोन सह्या झाल्या की व्यवहार पुरा, नाव बदलायला कोणी जात नाही. गहिनीनाथची गाडी कागदावर अजूनही एका आडत व्यापाऱ्याची होती. त्याने मोबाइल खिशातून काढलाच नाही. “सर, मी गाडी इकली. मला कशाला त्या झंगटात ओढता?” दोन आठवडे दारोदार फिरून मला पाच तक्रारी मिळाल्या. शिबिरात गाड्या आल्या होत्या एकूण एकवीस.

तरीही जूनच्या मध्यावर पुण्याहून एक तपासणी अभियंता आल्या. इतर जिल्ह्यांतूनही तक्रारी गेल्या होत्या, असे समजले. नाव स्वप्ना, वय तिशीच्या आसपास. विश्रामगृहावर त्यांना भेटायला गेलो तेव्हा दारात उभी असलेली गाडी शोरूमच्या मालकाची होती. मी क्रमांक लिहून घेतला.

“सर, तुमचा अर्ज वाचला मी. चार पानं आहेत.”

“पाच. शेवटचे जोडपत्र आहे. आपण शोरूमच्या गाडीतून आलात.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “बीडला भाड्याची गाडी मागितली, तर ही मिळाली. कुणाची ते इथे उतरल्यावर कळलं. परत एसटीने जाईन. हेही लिहून घ्या.”

मी लिहून घेतले.

“आता माझी अडचण ऐका,” त्या म्हणाल्या. “कंपनीचं म्हणणं, शिबिर नेहमीचंच होतं. जुने भाग भंगारात वितळले, असंही लेखी दिलंय. कार्डांवर ग्रीसिंग आहे. मला प्रत्यक्ष एक भाग हवा, आणि तो कुठल्या गाडीचा हे शाबित व्हायला हवं. अपघाताच्या गाडीतला मिळाला तर त्या माणसाच्या केसमध्येही माझा अहवाल लागेल. नाही मिळाला, तर ‘पुरावा उपलब्ध नाही’ एवढंच लिहू शकते. परवा दुपारी मी निघणार.”

म्हणजे माझ्याजवळ दीड दिवस होता. गहिनीनाथजवळही तेवढाच.

केजमध्ये जुना भाग घेतल्याशिवाय हलणार नाही असे एकच माणूस मला आठवले. दानम्मा वहिनी. माझा दिवंगत मित्र ईश्वरप्पा याची पत्नी. किराण्याची ठोक दुकानदारी, मालाच्या दोन देवयान पिकअप. ईश्वरप्पाच्या काळापासून त्या घरात गाडीचा प्रत्येक जुना भाग तेलाच्या रिकाम्या डब्यात, तारखेची चिठ्ठी बांधून ठेवला जातो.

“मी तिथं स्टूल टाकून बसले, भावजी,” वहिनींनी गल्ल्यावरून न उठता सांगितले. “म्हणलं, जुना पार्ट दे, न्हाईतर तुझं शटर मी खाली वढू देत न्हाई. लई गयावया केली त्या परमेश्वरनं. मग घंट्याभरानं आतून पेपरात गुंडाळून घेऊन आला. अन मलाच सांगतो, काकू, डब्यात ठेवा, पावती असल्याबिगर कुणाला देऊ नका. म्हणलं, मला शिकवतो व्हय रे? तुझ्या बापाच्या आधीपासून पावत्या फाडतेय मी!”

“मला दाखवा.”

“दाखविते की. पावती द्या.”

मी पावती लिहून दिली. त्यांनी ती वाचली, तारीख घालायला लावली आणि डबा उघडला.

वर्तमानपत्रात दोन तुकडे होते. एक गोळ्याचा सांधा, आणि त्यापासून मोडून वेगळा झालेला मानेचा तुकडा, नट व पिनीसकट.

“तुमच्या दोन्ही गाड्या शिबिरात कशा गेल्या होत्या, वहिनी? ओढून नेल्या?”

“वढून कशाला? डायवर चालवत घेऊन गेलता. दोन्ही धडधाकट.”

हा सांधा असा मोडल्यावर गाडी दहा हातसुद्धा सरळ चालत नाही. वहिनींची गाडी स्वतःच्या चाकांवर शिबिरात आली होती. म्हणजे हा भाग तिचा नव्हता. गेल्या दोन महिन्यांत, माझ्या माहितीप्रमाणे, या गावात अशा रीतीने मोडलेली देवयान एकच होती.

भिंग लावून तुटलेली बाजू पाहिली. दोन तृतीयांश पृष्ठभाग काळपट, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकाबाहेर एक वक्र रेषा. उरलेला तृतीयांश खडबडीत आणि उजळ. आपटून एका दणक्यात तुटले असते तर सगळेच उजळ असते. हा भाग अनेक आठवडे आतल्या आत तुटत होता. अकरा एप्रिलला फक्त शेवटचा तृतीयांश तुटला.

परमेश्वरला हे वाचता येत होते. वाचायला मीच शिकवले होते. भंगारात जायचा तुकडा त्याने गावातल्या सर्वांत कडक डब्यात मुद्दाम टाकला, की वहिनींपासून सुटका करून घ्यायला गोणीतले हाताला लागेल ते उचलून दिले? मी त्याला विचारले नाही. विचारले असते तर त्याला उत्तर द्यावे लागले असते, आणि त्याची नोकरी त्याच आवारात होती. त्याचे नाव मी संशयितांच्या पानावरून खोडले मात्र नाही. पुढे एक प्रश्नचिन्ह घातले.

सांध्यावरचे रबराचे टोपण फाटलेले होते आणि त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी पिळून बांधलेली होती. गहिनीनाथने ती पाहताच ओळखली.

“दाजींनी बांधली. आठ दिवस आधी. रबर फाटलं म्हणून माती जायलती आत. माझ्याच गाडीचं हाय हे, सर!”

“तू आरोपी आहेस. तुझ्या शब्दाला इथे वजन नाही.”

“मग कुणाच्या शब्दाला हाय?”

आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही संगीताच्या घरी गेलो. मी, स्वप्नाबाई आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसलेल्या दानम्मा वहिनी, कारण डबा एकटा पाठवायला त्यांनी साफ नकार दिला. गहिनीनाथ मागून चालत आला आणि रस्त्यापलीकडे उन्हात थांबला. गावाबाहेर पत्र्याचे घर. संगीता दारात आली. तिने प्रथम भावाला पाहिले, मग आम्हाला.

“त्यानं पाठवलं का तुमाला?”

“नाही. मी सरकारी कामासाठी आले आहे,” स्वप्नाबाई म्हणाल्या. “तुम्हाला एक वस्तू दाखवायची आहे. ओळख पटली तर सांगा, नाही पटली तरी सांगा.” कोणाची वस्तू, कोठून आली, हे त्यांनी मुद्दाम सांगितले नाही. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा विश्वास वाटला.

वहिनींनी पेपर उलगडला.

“गाडीचं लोखंड माझ्या दारात कशाला आणलं? मला काय कळतंय त्यातलं?” संगीता चिडून म्हणाली. बोलता बोलता ती थांबली. खाली बसली. ट्यूबच्या पट्टीवरून तिने अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

“हे उलटं हाय,” ती म्हणाली.

“म्हणजे कसे?” मी विचारले.

“उसाची मोळी बांधताना शेंड्याचं हिरवं वाढं पिळून खोचतेत ना, तसं बांधलंय. पर समदे उजवीकडं पिळतेत. हे डावीकडं हाय. ह्यांचा हात डावा. अख्ख्या फडात अशी मोळी एकाचीच. मुकादम लांबूनच म्हणायचा, आली बघा रामहरीची उलटी मोळी.”

स्वप्नाबाईंनी विचारले, “त्यांनी बांधलेलं दुसरं काही घरात आहे?”

संगीता उठून घरामागे गेली. तिथे शेळ्यांसाठी कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. तिने खालची एक ओढून आणली. “ह्यांनी बांधलेल्या चारच राहिल्यात. सोडू वाटंनात.” पेंढीचा पीळ आणि पट्टीचा पीळ, दोन्ही डावीकडे. टोक खोचण्याची जागाही तीच. स्वप्नाबाईंनी दोन्ही शेजारी ठेवून छायाचित्रे घेतली, माप लिहिले आणि जबाब लिहायला बसल्या. संगीताने प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावली. मग तिने मोडलेल्या बाजूकडे बोट केले.

“आन हे काय हाय? हे अर्धं काळं, अर्धं चमकतंय.”

मी सांगितले. काळा भाग आधीचा, उजळ भाग त्या दिवशीचा.

“ह्यांनी बांधलं तवा दिसलं न्हाई का ह्यांना?”

“ते रबराच्या आत असते. मी असतो तरी मला दिसले नसते.”

“कंपनी म्हणेल, फाटक्या रबरातून पाणी गेलं, गंज चढला, म्हणून तुटलं,” स्वप्नाबाई मध्येच म्हणाल्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. “तडा कुठून सुरू झाला हे प्रयोगशाळेत दिसेल. पण जोडीला शिबिरातले दुसरे सांधेही लागतील.”

“कागद मागू नका,” मी म्हणालो. “स्टोअरच्या कुलपाची किल्ली मागा. एकवीस गाड्यांचे सांधे एवढ्या लवकर वितळत नाहीत.” त्यांनी ते टिपून घेतले.

संगीताचे आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हते. तिने सरळ मला विचारले, “म्हंजे माझा भाऊ जागा होता?”

या दोन महिन्यांत मला सर्वांत अवघड गेलेले उत्तर हेच. हो म्हणणे सोपे होते, आणि रस्त्यापलीकडे तो माणूस उभा होता. परंतु मी ते तपासले नव्हते.

“ते लोखंड सांगू शकत नाही, संगीता. ते एवढेच सांगते, की तो टक्क जागा असता तरी त्या वळणावर चाक वळले नसते.”

मग तिने जबाबावर सही केली, तिच्याखाली पंच म्हणून वहिनींनी आणि मी. सांधा, मानेचा तुकडा आणि कडब्याची पेंढी कापडात शिवून मोहोरबंद झाली. वहिनींनी स्वप्नाबाईंकडून वेगळी पावती मागितली आणि माझी आधीची पावती चार तुकडे करून परत केली.

“बाई,” संगीता म्हणाली, “तुमचं काम झालं की हे मला वापस मिळंल ना? जुना पार्ट मालकाला द्यावा लागतो.”

गाडीची मालकी कागदावर कोणाची होती, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते. स्वप्नाबाईंनी पावतीवर खाली एक ओळ वाढवली : तपासणी व न्यायालयीन काम पूर्ण झाल्यावर मुद्देमाल संगीता रामहरी यांस परत मिळावा, अशी शिफारस.

संगीताने पावती पदराच्या गाठीत बांधली आणि अंगणाच्या कडेपर्यंत गेली.

“तिथं उन्हात कशाला उभा राहिलास?”

गहिनीनाथने रस्ता ओलांडला. झोळीतला हात सावरत तो उंबऱ्याशी थांबला. तिने दारातून बाजूला होऊन वाट दिली.

“बस आत,” ती म्हणाली. “पर बोलू नको आजूक काही.”